एका गाडीचं पासिंग

माझ्या थोरल्या भावाची सगळी नोकरी पुण्यात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. माझ्या मुलीने इंग्लंडमध्ये, राहत्या घराच्या गॅरेजमध्ये, एका उघड्या दोन सीटच्या गाडीचे ब्रेक स्वतःच्या हातांनी जोडले. मामा-भाचीचा एकमेकांवर फार जीव आहे, आणि या गाडीवरून दोघांचं मुळीच पटत नाही. दादा तिच्याकडे राहायला गेला तेव्हा मीही तिथेच होते. त्यांचं बोलणं मी मुद्दाम लिहून काढलं. सामान्य माणसाने आपल्या हातांनी यंत्र घडवून ते सगळ्यांच्या रस्त्यावर आणावं का, आणि आणलं तर बाकीच्यांच्या जिवाची हमी कुणी घ्यायची, असा तो वाद आहे. हा प्रश्न आपल्याकडेही आहे. आपण तो मांडत नाही, इतकंच.

आधी गाडीविषयी. ती ‘लोटस सेव्हन’च्या घाटाची आहे. लांब बोनेट, पुढच्या चाकांवर सायकलसारखे सुटे मडगार्ड, मागच्या चाकांच्या जवळजवळ वर दोन माणसांपुरती जागा. आतून लोखंडी नळ्यांची वेल्डिंग केलेली चौकट, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक फायबरचं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने मूळ सेव्हन १९५७ साली आणली. चॅपमन शिकला सिव्हिल इंजिनिअरिंग. पहिली गाडी त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली, तीही होणाऱ्या सासऱ्यांच्या घरामागच्या गॅरेजात. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोटस ही गाडी सुटी विके आणि गिऱ्हाईक ती घरी जोडून घेई. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि घरच्या जोडणीतला फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावच्या विक्रेत्याकडे, ग्रॅहम निअर्न यांच्या कंपनीकडे गेले. ती कंपनी सेव्हन आजही बनवते आणि आजही सुटी विकते. कराची सवलत गेली तरी लोकांनी घरी गाडी जोडायचं सोडलं नाही. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मुलीची गाडी कॅटरहॅमची नव्हे. तिने एका लहान कारखान्याकडून चासी आणि पत्रा घेतला. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चाकांचे हब हे सगळं एका जुन्या माझ्दा एमएक्स-५ मधून उतरवलं.

मामा : मला आधी हे सांग, ही गाडी घेऊन तू जाणार कुठे? दारं नाहीत, डिकी नाही. टप आहे तो बटणं लावून तंबूसारखा ताणायचा. आणि इथे तर पावसाचा भरवसा नाही.

भाची : कुठे म्हणजे, कुठेच नाही. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या वळणांच्या रस्त्याने तासभर. पाऊस आला तर भिजायचं. कामाला मी बसने जाते, मामा.

मामा : म्हणजे तासाभराच्या हौसेपायी सगळ्या सुट्ट्या या गॅरेजात घातल्यास.

भाची : चालवायची हौस तासाभराची. बांधायची हौस निराळी, आणि खरं सांगायचं तर तीच मोठी. ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनवर सस्पेन्शनचीच चित्रं काढते. विशबोनचा कोन जरासा बदलला तर टायरचं काय होतं, ते मला आकड्यांत पाठ होतं. इथे तोच विशबोन हातात धरला, त्यात बुश दाबून बसवला, बोल्ट सरकवला, टॉर्क रेंचने आवळला आणि नटावरून पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट तसूभर फिरला तर ती रेघ तुटलेली दिसते. या गाडीत माझ्या हाताखालून गेला नाही असा एकही नट नाही.

मामा : रेघ आम्हीही ओढत होतो. पण आमच्याकडे एकाने आवळायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. आवळणाऱ्याने तपासायचं नाही, हा पहिला नियम. माणूस कितीही प्रामाणिक असू दे, आपण केलेलं काम त्याला बरोबरच दिसतं. तुझ्या गॅरेजात दुसरा माणूस कोण होता?

ती यावर लगेच काही बोलली नाही. दादाला हौसेचं वावडं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्याची तक्रार एकच होती: काम करणारा आणि तपासणारा, दोन्ही एकच माणूस. पुढे सगळं बोलणं फिरून फिरून इथेच येत राहिलं. मधे मात्र दोघं वजनावरून चांगलेच अडले.

भाची : मामा, कॅटरहॅमची सगळ्यात लहान सेव्हन, १७० नावाची, ६६० सीसीच्या सुझुकी इंजिनावर चालते. तीन सिलिंडर आणि टर्बो. आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान इंजिन. ताकद ८४ अश्वशक्ती. पण गाडीचं वजन साधारण ४४० किलो. अकराशे किलोच्या गाडीला तसंच पळायचं असेल तर २१० अश्वशक्तीचं इंजिन लागेल. मग त्या इंजिनाला मोठा रेडिएटर, मोठे ब्रेक, जाड टायर, आणि हे सगळं पेलायला आणखी दणकट चासी. वजन वजनाला बोलावतं. चॅपमनने हे चक्र उलटं फिरवलं. एक भाग हलका केला की त्याला धरणारा भागही हलका करता येतो. चासीच्या नळ्या बघ, जिथे जोर येतो तिथे त्रिकोण आहेत, म्हणून नळी बारीक असली तरी चालते. त्रिकोण वाकत नाही, चौकोन वाकतो.

मामा : त्रिकोणाचं मला सांगू नकोस, मी तुला शिकवलाय तो. आता माझा हिशेब ऐक. तुझी गाडी पाचशे किलो धर. समोरून दोन हजार किलोची एसयूव्ही येते. दोघी ताशी पन्नासने, समोरासमोर. धडकेनंतर दोघी एकमेकींत अडकून पुढे सरकल्या, तर सरकतील एसयूव्हीच्याच दिशेने, ताशी तीसने. म्हणजे एसयूव्हीतल्या माणसाचा वेग बदलला वीसने. तुझा ऐंशीने. पापणी लवायच्या आत. तुझ्यापुढे एअरबॅग नाही, बाजूला दार नाही, डोक्यावर पत्रा नाही. रस्त्यावर आता अशा जड गाड्याच वाढताहेत. तुझ्या चॅपमनचं गणित बरोबर आहे, पण ते रस्त्यावर तू एकटी असलीस तरच.

भाची : मान्य. म्हणून मी अशा वेळी जाते जेव्हा रस्ता रिकामा असतो, आणि मोठ्या महामार्गावर नेत नाही. पण मोटारसायकलवाल्याचं गणित याहून वाईट आहे, मामा. त्याला आपण परवाना देतो. कुटुंबच्या कुटुंब स्कूटरवर बसून जातं, तेव्हा तू कधी मोटारसायकल बंद करा म्हणाला नाहीस.

मामा : मोटारसायकलवाल्याला आपण उघडे आहोत हे विसरता येत नाही. चार चाकं आणि स्टिअरिंग हातात आलं की माणूस निर्धास्त होतो. आणि हलकेपणाचं म्हणशील तर फॉर्म्युला वनचा योखेन रिंट आठव. १९७०, मोंझा. चॅपमनचीच लोटस ७२. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणानंतर मिळालं. चॅपमनच्या गाड्या वेगवान आहेत, पण तकलादू आहेत, असं रिंट स्वतःच म्हणत होता. ब्रेकमधून वजन काढायचं नसतं. दुसरीकडून काय काढायचं ते काढा.

इथे दादाचा आवाज चढला होता. हे नाव त्याच्यासाठी पुस्तकातलं नाही. ब्रेकच्या कामातल्या माणसाला असे अपघात तारखांसकट लक्षात राहतात. त्याचं धडकेचं गणित मला निरुत्तर करणारं वाटलं आणि अजूनही वाटतं. मुलीकडेही त्याला उत्तर नव्हतं. तिने उत्तर असल्याचा आवही आणला नाही, ती गाडीखालचा दिवा उचलून पुढच्या चाकापाशी बसली आणि मामाला म्हणाली, ब्रेकच बघ मग.

मामा : कॅलिपर माझ्दाचे?

भाची : चारही.

मामा : माझ्दा एमएक्स-५ भरते साधारण हजार किलो. तुझी?

भाची : साडेपाचशेच्या आत.

मामा : मग मागच्या ब्रेकचं काय केलंस? माझ्दाच्या वजनाला बेतलेली पुढची-मागची वाटणी इथे कशी चालेल? हलकी गाडी, माणूस मागच्या चाकांपाशी बसलेला. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, पण किती जातं हे वजनाची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर ठरवतं, आणि तुझ्या गाडीत दोन्ही वेगळं आहे. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरेल. पुढची आधी झाली तर निदान सरळ तरी जाईल.

भाची : म्हणून पेडलपाशी दोन मास्टर सिलिंडर बसवलेत, एक पुढचा, एक मागचा. मधे बॅलन्स बार. तो फिरवून वाटणी ठरवता येते. सर्वो काढून टाकला, एवढ्या हलक्या गाडीला पायाची ताकद पुरते, आणि टायर कुठे सुटायला लागला ते पेडलमध्ये जाणवतं. पुढची चाकं मागच्यांआधीच लॉक झाली पाहिजेत, हे तपासणीतही बघतात. वाटणी एकदा ठरली की तो बार कायमचा बसवून टाकायचा, मालकाला पुढे खेळ करता येऊ नये म्हणून.

मामा : कोण बघतं? कुठली तपासणी?

मग तिने ती सांगितली, आणि मला वाटतं सगळ्या बोलण्याचं खरं मोल इथे होतं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी सरकारी केंद्रात एकट्याने परीक्षा द्यावी लागते. १९९८ पासून अशी परीक्षा सक्तीची आहे. २००९ मध्ये तिची जागा अधिक कडक अशा ‘आयव्हीए’ने घेतली, म्हणजे प्रत्येक गाडीची स्वतंत्र मंजुरी. आपल्या भाषेत एकाच गाडीचं पासिंग. गाडी कुठल्या कंपनीची आहे हे तिथे विचारत नाहीत, समोर आलेली गाडी बघतात. सीटबेल्ट कुठे आणि कसा अडकवलाय. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ पाहतं का. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी तर दाखवत नाही ना. आरसे, दिवे, धूर, आवाज. बाहेरच्या प्रत्येक कडेला शंभर मिलिमीटरचा गोळा टेकवून बघतात. गोळा जिथे पोचेल तिथली धार किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. म्हणजे गाडी एखाद्या पादचाऱ्याला घासली तर कड त्याच्या अंगात घुसू नये. पुष्कळ गाड्या पहिल्यांदा नापास होतात. यादी हातात मिळते, दुरुस्ती करायची आणि पुन्हा यायचं. पास झाल्यावर नंबर मिळतो. भाग कुठल्या वर्षाचे याची खात्री पटली नाही तर नंबर ‘क्यू’ने सुरू होतो, आणि ही गाडी मिश्र वयाची आहे हे जगाला कळतं.

दादाने त्या परीक्षेची पुस्तिका मागून घेतली. रात्री उशिरापर्यंत तो ती वाचत होता. सकाळी चहाच्या वेळी त्याने स्वतःच विषय काढला.

मामा : पुस्तिका चांगली आहे. प्रत्येक मुद्द्याला नापास कशामुळे करायचं, ते आधीच छापलंय. तपासणाऱ्याच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. माझा दुसरा माणूस सापडला.

भाची : मग आता बसशील गाडीत?

मामा : ते वेगळं. धडकेचं गणित पुस्तिकेने बदलत नाही. गाडी सरळ थांबेल एवढी खात्री मला पटली. समोरचा थांबेल याची कोण देणार?

भाची : कुणीच नाही. ती तर तुझ्या गाडीलाही कुणी देत नाही.

मामा : माझ्या गाडीला पत्रा आहे.

हे एवढ्यावरच राहिलं, आणि राहावंही असं मला वाटतं. ज्या धोक्याची जाण आहे आणि जो मुख्यतः स्वतःवरच आहे, तो पत्करायचा की नाही हे सज्ञान माणसाने ठरवावं. मामाने काळजी करावी, भाचीने ऐकून घ्यावं. दुसऱ्यांना धोका होऊ नये, हे मात्र राज्याने बघावं. पुस्तिका मुख्यतः तेच बघते. मग बोलणं आपोआप आपल्याकडे वळलं.

भाची : १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाचं एक पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधायची. चासीच्या प्रत्येक नळीचं माप त्यात दिलंय, भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे. त्यावरून कितीतरी लोकांनी घरी गाड्या बांधल्या. असं पुस्तक मराठीत निघालं असतं तर सांगली-कोल्हापूरच्या वर्कशॉपवाल्यांनी काय काय केलं असतं!

मामा : काय केलं असतं? केलंच की. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातल्या भागांतून चार चाकी बांधली, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या अखेरीस तिचा व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि त्याच दमात लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी तिला आज ना उद्या अडवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. त्यांचं बरोबरच होतं.

भाची : बरोबर होतं, पण तू विचार कर मामा. एका माणसाने गाडी बांधली. ती चांगली की वाईट, हे तपासून सांगणारं देशात कुणी नव्हतं. कौतुक करणारे होते, अडवणारे होते. तपासणारा नव्हता. त्यांना ‘ब्रेक कमी पडतात, अमुक बदला आणि परत या’ असं म्हणणारं टेबलच कुठे नव्हतं.

मामा : नियम १२६ आहे ना. केंद्रीय मोटार वाहन नियमांत. नव्या वाहनाचा नमुना नेमलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. आपली पुण्याची एआरएआय त्यांतलीच.

भाची : तो नियम उत्पादकासाठी आहे. एक नमुना तपासायचा आणि तशाच हजारो गाड्या बनवायच्या. धडकेच्या चाचणीत नमुना चुरा होतो, कंपनी दुसरा बनवते. ज्याने जन्मात एकच गाडी बांधली, त्याने चाचणीत ती फोडून रस्त्यावर काय न्यायचं?

दादा यावर गप्प बसला. मग त्याने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं दरवर्षी उघड्या गाड्या बांधतात. पिथमपूरला २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धा होते, कोइम्बतूरला ‘फॉर्म्युला भारत’. पुण्याची मुलं दोन्हीकडे जातात. चासीच्या नळ्या मुलं स्वतः कापतात, वेल्डिंगसाठी रात्री जागतात. शर्यतीआधी कडक तांत्रिक तपासणी होते. फॉर्म्युलाची गाडी टेबलावर साठ अंशांत तिरकी करून बघतात, एक थेंब पेट्रोल सांडता कामा नये, एक चाक उचललं जाता कामा नये. मग ब्रेक: पूर्ण दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. निवृत्तीनंतर दादा अशाच एका कॉलेजच्या मुलांना शिकवायला जातो.

मामा : स्पर्धा संपली की गाडी शेडमध्ये जाते. पुढच्या वर्षीची मुलं तिचे भाग काढून नेतात. रस्त्यावर ती कधीच येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून आरसा, दिवा, पादचाऱ्याला लागणारी धार, यांचा विचार मुलं करायला शिकतच नाहीत. शर्यत जिंकायची गाडी येते, रस्त्यावर वागायची येत नाही.

भाची : मग तूच सांग, ही पुस्तिका आपल्याकडे चालेल का?

मामा : लगेच नाही. आपल्याकडे उद्या असं पासिंग सुरू झालं तर चोरीच्या गाड्यांचे भाग नव्या चासीत घालून आणतील. कागदावर ब्रेक पास होतील. म्हणून आरटीओत नको. दोन-चार नेमलेल्या संस्थांतच हवं, प्रत्येक भागाची पावती बघून, आणि वर्षाला ठरावीकच गाड्या.

भाची : म्हणजे चालेल.

मामा : मी अटी सांगितल्या.

दादाच्या अटी मला रास्त वाटतात. वेडंवाकडं यंत्र रस्त्यावर येऊ नये, ही त्याची चिंता माझीही आहे. पण आज आपल्याकडे घरी गाडी बांधणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: लपूनछपून चालवायची किंवा शेडमध्ये गंजू द्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने नोंदलेल्या गाडीत मनाजोगा बदल करायलाही मनाई आहे. ती मनाई योग्यच आहे, कारण बदल तपासायची सोय नाही. सोय केली तर मनाईची गरजही थोडी कमी होईल. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हाताने काम करणाऱ्या पोरांना आपलं काम नापास का झालं हे लेखी कळेल. आपल्या देशात लेथवर, वेल्डिंगवर, फाउंड्रीत तरबेज हात किती आहेत हे सांगायला नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक चक्कर मारली तरी दिसतं. त्या हातांना पूर्ण यंत्र स्वतःच्या नावावर रस्त्यावर आणायची एकही कायदेशीर वाट नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत एकट्या वाहनाच्या मंजुरीची स्वतंत्र तरतूद करावी. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ती राबवावी, नापास करण्याची कारणं मराठीतही आधी छापावीत, आणि पहिला अर्ज करण्याची मुभा इंजिनिअरिंग कॉलेजांच्या संघांना द्यावी. फी घ्या, पावत्या मागा, दहा वेळा परत पाठवा. पण अर्ज घ्या.